घरचं माणूस

"किती माणसं?"

"एक."

"मग नाही जमायचं."

पुण्यात वारज्याला, तिसऱ्या मजल्यावर यज्ञेश्वर परचुऱ्यांनी वहीतल्या पाचव्या नावावर काट मारली. हरिहरेश्वर ते गणपतीपुळे, समुद्राच्या कडेकडेने, वाटेतली देवळं घेत पायी. नकाशा तयार होता, बूट तयार होते, गुडघेही तयार असल्याचं डॉक्टरांनी लिहून दिलं होतं. अडलं होतं ते मुक्कामांवर. एकट्या माणसाला किनाऱ्यावर कोणी खोली देत नव्हतं.

सहाव्या ठिकाणच्या कौशल्याबाईंनी निदान कारण तरी सांगितलं.

"मागे एकजण असाच एकटा आला होता. पोटभर जेवला, सोलकढी दोनदा मागून घेतली, नि पहाटे चपला ओटीवर नीट लावून समुद्रात गेला. आता तुमचा चेहरा काही मला दिसत नाही हो."

"दिसला असता तरी फारसा फरक पडला नसता."

"घरचं कोणी आहे? त्यांनी सांगितलं, तर देते खोली. नंबर द्या."

मुलगा कॅलिफोर्नियात. तिकडे आता झोपायची वेळ. जागेपणी तो मीटिंगमध्ये असे. त्याने दिलेला मोबाइल परचुऱ्यांच्या हातात होता. इनकमिंग फुकट झाल्यापासून तो आणखीनच शांत झाला होता. परचुऱ्यांनी समोरच्या टेबलावरच्या, क्रोशाचं झाकण घातलेल्या जुन्या फोनकडे पाहिलं आणि त्याचा नंबर सांगितला.

दोन मिनिटांत तो वाजला. त्यांनी चार वेळा वाजू दिला. माणसं असलेल्या घरात फोन लगेच कोणी उचलत नाही.

"परचुऱ्यांचं घर ना?"

"हो. मी त्यांचा भाऊ."

"अगोबाई, आवाज अगदी सारखा!"

"आमच्याकडे सगळ्यांचा असाच आहे."

"बरं, स्पष्टच विचारते. माणूस कसा आहे?"

हे बऱ्याच वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. परचुऱ्यांनी प्रामाणिकपणे विचार केला.

"खवचट आहे. पण निरुपद्रवी."

"घरात भांडण-बिंडण?"

"गेल्या तीन वर्षांत तरी नाही."

"परत येतील ना?"

परचुऱ्यांनी दाराकडे पाहिलं. तिथे नवे बूट खोक्यातून अर्धे बाहेर आले होते.

"येईल. दूध दहाच दिवस बंद केलंय."

हे कौशल्याबाईंना पटलं. त्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला, तो वारज्यापर्यंत ऐकू आला.

"मग पाठवा खुशाल. आणि तुम्ही मागे घोर लावून घेऊ नका हां. ते पोचले, की लगेच ह्याच नंबरवर कळवते."

"नक्की कळवा," परचुरे म्हणाले. "मी वाट बघतो."