रविवारची सवत

माझी सवत म्हणजे नवऱ्याच्या फोनमधला सायरन. कंपनीचा सर्व्हर बंद पडला की तो कोकलतो, आणि त्या मेल्या सर्व्हरला बंद पडायला रविवार आणि सुट्ट्याच सापडतात. माझ्या दहा हाकांना एक "हं" देणारा हा माणूस सायरन वाजला की हातातला घास टाकून धावतो. आणि पलीकडच्यांशी काय गोड बोलतो! तो आवाज माझ्या वाट्याला कधी आला नाही.

कधीपासून मला याला एक गोष्ट सांगायची आहे. "सोमवारी बोलू," म्हणाला. सोमवारी मीटिंग निघाली.

आज हा आंघोळीला गेला तेव्हा याच्या फोनमध्ये माझ्या नंबरलाही तोच सायरन लावून टाकला. म्हटलं, होऊन जाऊ दे एकदाचं. मग हा बाहेरच्या खोलीत लॅपटॉप घेऊन बसल्यावर मी आतून दार लोटलं आणि याला फोन लावला. बाहेर सायरन कोकलला, खुर्ची सरकली, नाव न बघताच याने उचलला. चांगलं खडसावायचं ठरवलं होतं मी.

"हो, बोला. अजिबात घाबरू नका, मी आहे ना. काय होतंय?"

मी दाराला पाठ टेकून खालीच बसले.

"ऐकतोय मी. सावकाश सांगा. तुमचं सांगून होईपर्यंत मी कुठेही जात नाही."

मी फोन कानाशी घट्ट धरला आणि श्वासाचाही आवाज होऊ दिला नाही. कळलं असतं ना याला, मीच आहे ते.