कचरू कोतवालाचा अंगठा

लेकीच्या जात पडताळणीसाठी देवमनला पणजोबाची नोंद हवी होती. पणजोबा कचरू गावचा कोतवाल. कुणी मेलं की तहसिलीत खबर तोच द्यायचा. कोतवाल बुकात प्रत्येक मयतासमोर त्याचा अंगठा होता, विळ्यानं कापल्याच्या तिरप्या खुणेचा.

तहसिलीच्या रेकॉर्ड रूममध्ये उघडलेल्या १९२३च्या पानावर मयत म्हणून खुद्द कचरूच निघाला. समोर अंगठा तोच.

देवमन चक्रावला. "ताई, मेलेल्या मानसानं सोताची खबर कशी देल्ली?"

रेकॉर्डवाल्या बाईंनी त्याचा सकाळचा अर्ज पुढे सरकवला. देवमनच्या सहीखाली तीच तिरपी खूण होती.

"हा अंगठा कोनाचा? मी तं एकटाच आलो."

"एकटे कुठं? तुमच्यासंगचे बाबा बाहेर बाकावर बसून हायेत ना. खबर द्याले आलो म्हनत होते."