रोशनचा डबा

काटा आजही सहा किलो दोनशेवरच थांबला.

दुर्गेश्वरीबाईंनी रोशनला झोळीतून काढलं, पुन्हा ठेवलं. तेच! दंडाला कुपोषण मोजायची पट्टी गुंडाळली, ती लाल रंगावर. अंगणवाडीतून त्याच्यासाठी रोज डबा जात होता, खिचडी, उकडलेलं अंडं, वर तेलाची धार. तीन आठवडे झाले, आणि हे चौदा महिन्यांचं पोर जिथल्या तिथं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, असाच राहिला तर साधा तापही त्याला झेपणार नाही.

"रीना, गोंदियाले दवाखान्यात चाल. चौदा दिवस राहा लागते फक्त. जेवणखाण सारं तिथंच."

"मी नाही येत जी, बाई."

"काऊन?"

पोराच्या आईनं रिकामा डबा पुढं केला. मग हळूच म्हणाली, "आज दोन अंडे देता का?"

बाईंचं डोकंच सणकलं. पोर मरायला टेकलंय आणि हिला अंडी सुचतात! तरी त्यांनी डबा भरून दिला. अंडं एकच टाकलं.

दरेकशाच्या अलीकडच्या या टोलीच्या वस्तीवर वीस वर्षं त्या अंगणवाडी चालवत होत्या. त्यांची यादी म्हणजे आरसा. कुणाचं बिऱ्हाड कामाला बाहेर गेलं, की त्याच दिवशी मोबाइलमधून त्यांच्या मुलांची नावं कमी, डबा बंद. जास्तीचं एक नाव सापडायचं नाही. मागच्या महिन्यातल्या मीटिंगमध्ये टाळ्या वाजल्या होत्या त्यांच्यासाठी. पण टाळ्या गेल्या चुलीत. रोशनच्या तोंडात पोलिओचे पहिले थेंब बाईंनीच टाकले होते. पोर हातचं जाणार या धास्तीनं तीन दिवस त्यांना अन्न गोड लागत नव्हतं.

मग डबा जातो कुठं? सासू खाते? नवरा? की हीच बया पोराच्या तोंडचं गिळते?

बाईंना बसवेना. मदतनिसाला मुलं सांभाळायला सांगून त्या उठल्या आणि रीनाच्या मागं निघाल्या.

रीना आपल्या घरी गेलीच नाही. पोराला कडेवर घेऊन ती शेजारच्या रेवारामच्या घरात शिरली. रेवारामचं बिऱ्हाड तर जानेवारीतच तेलंगणात मिरची तोडायला गेलेलं. बाई दारात जाऊन उभ्या राहिल्या.

आत रेवारामची म्हातारी आई, फुलवंता, भिंतीला टेकून बसली होती. तिला दिसत नव्हतं. तिच्या मांडीवर दोनेक वर्षांची पोरगी, हातपाय काटक्यांसारखे, चेहरा ओळखू न येण्याइतका सुकलेला. रीनानं साडीच्या काठाचा दोरा ओढला, अंड्यावरून फिरवला आणि त्याचे दोन सारखे भाग केले. एक घास रोशनला, एक घास तिला. एक याला, एक तिला.

"ही कोण?" बाईंचा आवाज चिरकला.

रीना दचकली. "दामिनी जी. रेवारामची."

"ते त सारे गेले ना मिरचीले!"

"मायबाप गेले. हिले कुठं उन्हात नेतीन? म्हातारीपाशी ठेवली. मी दवाखान्यात जाऊन बसली, त हिले कोण चारीन?"

बाईंना रागही आला आणि रडूही. "अवो, मंग मले सांगाचं ना! एका डब्यात दोन लेकरं मारून राहिली तू! काऊन नाही सांगितलं?"

रीनानं अर्धं अंडं दामिनीच्या तोंडात भरवलं.

"सांगाले आली होती, बाई. तुमी नावं कमी करून राहिल्या होत्या. मान वर नाही केली. मोबाइल दाखवून म्हणाल्या, हे पाह्य, दामिनी गावातच नाही."