बर्फावर उठलेली पावलं

व्हरमाँटमधल्या लाँग ट्रेल या डोंगरवाटेवर या हिवाळ्यात आमच्याआधी कुणी गेलेलं नव्हतं. बुटांखाली रुंद जाळीचे स्नोशू बांधून ताज्या बर्फात पुढे चालून वाट पाडायचं काम आमच्याकडे आलटूनपालटून करतात. मी मात्र सकाळपासून पाळी सोडली नव्हती.

"ओडील, आता तरी मागे ये," माझा धाकटा भाऊ आर्मां म्हणाला. "मेडल देणारेत का तुला?"

"पहिल्या वाटेचा मान माझा. तू ये आयता मागून."

धारेवर पोचलो, तर तिथला भुसभुशीत बर्फ वाऱ्याने उडवून नेला होता. अशा वेळी दाबली गेलेली जुनी पावलं तेवढी उंचवट्यांसारखी उरतात. तशी पावलं शिखराकडून खाली आली होती. आठवडाभरापूर्वीची तरी असतील.

"गेला तुझा मान," आर्मां हसला.

मी वाकून पाहिलं. डाव्या स्नोशूच्या ठशात तारेची फुली होती. माझा तुटलेला स्नोशू मी आज सकाळीच तारेची फुली घालून बांधला होता.

आर्मांनेही ती पाहिली. मग तो आजूबाजूला स्वतःची पावलं शोधत राहिला.

"उतरताना तू एकटीच आहेस," तो म्हणाला. "ओडील, परत फिरू या."

मी आजवर एकही वाट अर्ध्यावर सोडलेली नाही. मी पाऊल पुढे टाकलं.