मीठ किती

"आजही मीठ कमीच," सासूबाई म्हणाल्या आणि ताटली बाजूला सारली.

तो स्वयंपाकघरात गेला आणि मिठाची बरणी घेऊन आला. तो एका वर्कशॉपमध्ये टर्नर होता. लेथवर केसभराचा फरक त्याच्या बोटांना कळायचा. मिठाचा अंदाज मात्र काही केल्या येत नव्हता.

बायको जाऊन चार महिने झाले होते. तोवर चहापलीकडे त्याने कधी काही केलं नव्हतं. सुरुवातीला शेजाऱ्यांचे डबे आले, मग हळूहळू थांबले. तो कामावर जाईना, जेवेना. भिंतीकडे तोंड करून दिवसदिवस पडून राहायचा. आतल्या खोलीत सासूबाई होत्या. खुबा मोडल्यापासून लेकीकडेच राहत होत्या. त्यांना उठता येत नसे. सकाळी एक बाई येऊन त्यांचं आवरून जायची, तेवढीच घराला जाग.

एका दुपारी त्यांनी हाक मारली. "जावईबापू, भूक लागलीय हो."

तो उठला. घरात बटाटे होते, कांदे होते. वेडेवाकडे चिरले, पाण्यात टाकले, गॅस मोठा केला. तळ करपला. वरचं वरचं काढून त्याने ताटलीत नेऊन दिलं.

"करपलंय," सासूबाई म्हणाल्या. "उद्या आच मंद ठेवा."

दुसऱ्या दिवशी बटाटे कच्चे राहिले. तिसऱ्या दिवशी नुसतं पाणीच पाणी झालं, तेव्हा त्याने त्यात दोन अंडी फोडली आणि ढवळत बसला. निदान ते जमून तरी आलं.

"आई, मीठ किती घालायचं?"

"अंदाजाने."

"अंदाजाने म्हणजे किती?"

"तुमच्या बायकोनेही लग्नाआधी मला हेच विचारलं होतं."

दोघं हसले. मग तो ताटली विसळायला उठला.

सासूबाईंचं नावं ठेवणं काही थांबलं नाही. कधी मीठ कमी, कधी आंबट जास्त, कधी हळद कच्ची. त्याच्या तळपायाची आग मस्तकात जायची. पण चाखून बघावं लागे, म्हणून त्याच्याही पोटात चार घास जाऊ लागले. भाजी आणायला घराबाहेर पडावं लागे. एकदा पिशवी हातात असतानाच तो तसाच पुढे वर्कशॉपपर्यंत चालत गेला. दुसऱ्या दिवसापासून कामावर जाऊ लागला.

रविवारी मेहुणा आईला न्यायला आला. त्याच्या गावात खुब्याचं ऑपरेशन ठरलं होतं, पुढे त्या त्याच्याकडेच राहणार होत्या. त्या दिवशी जावयाने पालक-बटाट्याची भाजी केली. मेहुण्याने दोनदा वाढून घेतली.

"भावोजी, फक्कड झालीय!"

"हळद कच्ची आहे," आतून आवाज आला.

हात धुताना मेहुणा हळूच म्हणाला, "आईचं मनावर घेऊ नका. दोन वर्षांपूर्वीच्या त्या तापात तिच्या जिभेची चवच गेली. साखर काय नि मीठ काय, तिला सारखंच. ताई बोलली नव्हती का? आईनेच बजावलं असेल. जावयाच्या घरात आणखी एका दुखण्याचं रडगाणं नको म्हणून."

तो ओल्या हातांनी तसाच उभा राहिला.

लिफ्ट नव्हती. सासूबाईंना खुर्चीत बसवून दोघांनी तिसऱ्या मजल्यावरून उतरवायला घेतलं. पहिल्या मजल्याच्या वळणावर दम खायला खुर्ची टेकवली. मेहुणा गाडीचं दार उघडायला खाली गेला.

"आई," तो म्हणाला, "तुम्हाला चव लागत नाही. मग रोज मला का बोलत होतात?"

सासूबाईंनी पदराने तोंड पुसलं.

"शेजारच्या खोलीत माझी लेक गेली, जावईबापू, आणि मला पलंगावरून उठता आलं नाही. तुम्हाला तरी उठवता येत होतं."