मुराळी

शिल्पानं तिसऱ्यांदा घंटा वाजवली तेव्हा कुठं शिवम आला. तोवर लांडग्यांनी तिला बर्फाच्या दरीत पार कोपऱ्यात गाठलं होतं. मोबाइलच्या पडद्यावर निळं रिंगण उमटलं, त्यातून शिवमचा भालेवाला उभा राहिला. लांडग्यांना हाणायचं सोडून तो सरळ तिच्या पुढ्यात आला आणि सगळे चावे त्यानं स्वतःवर घेतले.

“अरे, भाला चालव की येड्या!” तिनं लिहिलं.

दोघं कसेबसे वाचले. मग त्याचा रोजचा प्रश्न आला, “जेवलीस का?”

गेममध्ये ही विद्याच होती. जोडीदारानं घंटा वाजवली की नकाशाच्या कुठल्याही टोकावरून क्षणात त्याच्याजवळ पोचायचं. उडी घेणाऱ्याची निम्मी ताकद जायची, पण माणूस पोचायचा. तिचं काहीतरी लांबलचक इंग्रजी नाव होतं. बहीणभावांनी तिला मुराळी म्हणायला सुरुवात केली. पंचमीला बहिणीला माहेरी न्यायला येतो, तो मुराळी. शिल्पाच्या दारात खरा मुराळी कधी यायचा नव्हता, म्हणून हा.

उमरीजवळच्या गावातून ती लातूरला आली, ती वीरेशशी लग्न करून. जातीबाहेर, बापाला न जुमानता. आई लहानपणीच गेलेली. अण्णारावांनी दोन्ही लेकरं एकट्यानं वाढवली, पोरीच्या वेण्यासुद्धा स्वतः घातल्या. आणि त्याच पोरीला दारात उभं राहून सांगितलं, “त्या घरी गेलीस तर जित्तेपणी तुझं तेरावं घालीन!”

अण्णांचा शब्द म्हणजे शब्द. गाव तुटलं. उरला धाकटा शिवम. अण्णांच्या धाकानं तोही फोन करायला टरकायचा. म्हणून ही गेममधली भेट.

यंदा पंचमीला तिनं दिवसभर घंटा वाजवली, पण पठ्ठ्या फिरकला नाही. पुढंही कितीतरी दिवस पत्ता नाही. मग एका संध्याकाळी उगवला, तो असा. पूर्वी आला की तीन कोलांट्या मारायचा, तिची खोड काढायचा. आता नुसता शेजारी उभा राहायचा. माइक बिघडला म्हणे. लिहायलाही हा एवढा उशीर.

“ताई म्हणायला लाज वाटायली व्हय रे?” तिनं एकदा चिडवलं.

बऱ्याच वेळानं अक्षरं उमटली, “ताई.”

मामा व्हायचा म्हणून पोरगं शहाणं झालं असेल, असं ती वीरेशला हसून म्हणाली. तिला नववा लागला होता.

“बाळंतपणाला येशील ना रे? सासरची माणसं चांगली हायेत, पण माहेरचं एक तरी माणूस पाहिजे मला,” तिनं लिहिलं. दवाखाना कुठला तेही सांगून ठेवलं.

“येतो.”

पोळा झाला आणि गंजगोलाईत भाजी घेताना तिला माहेरच्या गल्लीतली गुणाबाई भेटली. शिल्पाचं पोट बघून बाईनं तिचा हातच धरला. डोळ्यांना पदर लावला.

“अण्णारावाकडं बघवत न्हाई गं माय. डोकं भादरलं, तेरावं घातलं. कुणाच्या नरड्याखाली घास उतरला न्हाई. तू आली न्हाईस ते बरंच केलंस. पोटुशीनं असल्या जागी येऊ न्हाई.”

शिल्पाला अण्णांचा दारातला शब्द आठवला. म्हणजे घातलंच! नातवंड येणार हे कळल्यावरही घातलं! गुणाबाई पुढं काहीतरी सांगत होती. शिल्पानं हात सोडवला, भाजीची पिशवी तिथंच टाकली आणि रिक्षात बसली.

घरी येताच तिनं घंटा वाजवली. भालेवाला लगेच आला.

“अण्णांनी तेरावं घातलं का?”

भालेवाला हलेना.

“शिवम, माझी शपथ हाय. माझं तेरावं घातलं का?”

गॅसवर दूध उतू गेलं, तरी ती उठली नाही.

“हाव,” उत्तर आलं.

“आन् तू गप बसलास?”

“हाव.”

शिल्पा ढसाढसा रडली. रडत रडतच तिनं लिहिलं, “मग सांग त्यांना. माझा बी बाप मेला म्हणावं. माझ्या लेकराचं तोंड बघू देणार न्हाई त्यांना, मरेपर्यंत!”

“सांगतो.” मग आणखी एक ओळ आली, “तू चार घास खाऊन घे.”

भावावर कुठवर रागावणार? दुसऱ्या दिवशी तिनं पुन्हा घंटा वाजवली. तोही पुन्हा आला. अण्णांचं नाव मात्र दोघांनीही काढलं नाही.

गणपती बसले त्या दुपारी कळा सुरू झाल्या. वीरेश दालमिलमध्ये होता. शेजारच्या नागम्मानं रिक्षा आणली. रिक्षात बसल्याबसल्या शिल्पानं मोबाइल काढला आणि घंटा वाजवली. निळं रिंगण उमटलं.

“दवाखान्यात चालले. ये रे लवकर.”

“निघालो.”

दिवेलागणीला मुलगी झाली. बाळ-बाळंतीण सुखरूप. वीरेश पेढे आणायला पळाला, तरी शिल्पाचे डोळे दाराकडंच होते.

“अगं, तुझ्या माहेरचं माणूस आलंय,” नागम्मानं वर्दी दिली.

“शिवम! ये, ये, भाची बघ तुझी!” शिल्पा कोपरावर उठली.

दारात अण्णा उभे होते. भादरलेल्या डोक्यावर आत्ता कुठं केस फुटत होते. हातात शिवमचा मोबाइल होता. शिल्पानं त्यांच्या मागं बघितलं. मागं कुणी नव्हतं.

अण्णांनी उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं नाही, की बाळाकडं नजर वळवली नाही.

“जेवलीस का?” त्यांनी विचारलं.