कुलुपांच्या कारखान्यातले पाहुणे

"आले! परदेशी पाहुणे आले!" फाटकावरचा रखवालदार बोंबलत आत धावला आणि दादांच्या हातातला चहा थेट सदऱ्यावर सांडला.

"तू नुसतं हसायचं, दादा. बोलायचं माझ्यावर सोड," धाकटी बहीण म्हणाली. परकी भाषा घरात तिला एकटीलाच येत होती. तिचं पोटच त्यावर चालायचं.

दादांचा कुलुपांचा कारखाना गाळात गेला होता. समोरचे पत्रेवाले शेठ तो नुसत्या जागेच्या किमतीत घेणार होते. यंत्रं भंगारात, कामगार घरी. सही आज दुपारी! आणि कालच बहिणीनं बातमी आणली की परदेशी मंडळी कारखाना बघायला येतायत. झालं, गल्लीभर एकच चर्चा. परकं भांडवल येणार!

बहिणीनं पाहुण्यांना मोजून आत घेतलं. जुन्या लेथपाशी फोटो काय, हातोड्याच्या ठोक्याला टाळ्या काय, नुसती धमाल! एका आजीबाईंनी तर आठवण म्हणून कुलूपच मागून घेतलं.

"काय म्हणतायत गं?" दादांनी घाम पुसत विचारलं.

"असं काम कुठंच बघितलं नाही म्हणतायत."

एक टकलू आजोबा तेवढे बाजूला उभे होते. ते एकच कुलूप पुन्हा पुन्हा लावत होते, उघडत होते, कानाशी धरत होते.

समोरच्या गच्चीवरून शेठ सगळं बघत होते. त्यांना कुठला धीर निघतोय! चपला कशाबशा अडकवून ते धावत आले.

"दादा, कितीत ठरलं त्यांच्याशी?"

"अजून काहीच बोलणं नाही, शेठ."

दादांना खोटं बोलता येत नाही, हे शेठना पक्कं ठाऊक होतं. म्हणजे वेळ गेली नव्हती तर!

"मग ऐका. एकदा बाहेरचा पैसा लागला की हा कारखाना मला परवडायचा नाही. आत्ताच दुप्पट देतो."

"आणि माझी माणसं?"

"एकालाही काढणार नाही. कारखाना आहे तसा चालवीन. लिहून देतो, मग तर झालं?"

दादांनी बहिणीकडे पाहिलं. तिनं डोळ्यांनीच हो म्हटलं. तिथंच, लेथच्या फळीवर कागद ठेवून सह्या झाल्या. कामगारांनी दादांना खांद्यावरच उचललं. बाप रे, काय तो जल्लोष! दादा हसतही होते आणि रडतही होते.

पाहुण्यांच्या मागोमाग बहीण बसमध्ये चढली आणि तिनं हुश्श केलं. पिशवीतून आपलं नेहमीचं छोटं निशाण काढलं, डोकी पुन्हा मोजली आणि माईक तोंडाशी धरला.

"मंडळी, ही होती जुनी कारागिरी. आता दीपगृह बघू, मग जेवण!"

टकलू आजोबांनी हात वर केला.

"बाई, सहलीत कामाचं विचारतोय, राग मानू नका. आमचीही कुलुपांचीच कंपनी आहे. या मालकांना परदेशी भागीदार चालेल का?"